धामण गेली कुठं? सापाच्या पोटातला रेडिओ आणि माझी एक जुनी चूक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. ऑडिओत मागे जो सतत आवाज येतोय तो माइकचा दोष नाही. पत्र्यावर पडणारा हिर्डोशीचा पाऊस आहे. तीन वेळा एडिट करून बघितला, जाईना. मग राहू दिला.

हिर्डोशी हे माझं गाव. भोरहून महाडकडे निघालात की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो आणि मग वरंधा घाटाला लागतो, त्या वाटेवर. जुन्या काळापासून या पट्ट्याला हिरडस मावळ म्हणतात. मी आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि जमेल त्या शनिवारी इकडे येतो. आज जे सांगणार आहे त्याचा कॉम्प्युटरशी संबंध आहे, पण जरा लांबचा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भाताची लावणी चालू होती. गोठ्यात पेंढा काढायला काकू गेली आणि ओरडतच बाहेर आली. पेंढ्यात धामण होती. चांगली सहा-सात फुटी. तात्या, म्हणजे माझे चुलते, काठी घेऊन निघाले. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. (पीत नाही. सापाला ओढून प्यायला लागतात तसे ओठच नाहीत. आणि पायाला सापाने विळखा घातला तर गाय काय शांत उभी राहील का?) मी तात्यांच्या आडवा झालो, एका सर्पमित्राला फोन लावला. तो तासाभरात आला, धामण पकडली, पोरांना दाखवली, भोकं पाडलेल्या मोठ्या बरणीत टाकली. मग विचारलं, ‘लांब जंगलात सोडू ना?’

मी म्हटलं, एकदम लांब. त्याच्या बाईकवर मागे बसलो, बरणी मांडीवर घेतली आणि आम्ही थेट वरंधा घाटात गेलो. धुकं, धबधबे, हिरवंगार. झाकण उघडलं, धामण कारवीत गेली, मी स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. खाली लिहिलं, ‘तिच्या हक्काच्या घरी.’ त्या व्हिडिओला मिळालेत तेवढे लाइक्स मला आजवर दुसऱ्या कशालाच मिळालेले नाहीत.

घरी आलो तर आजी ओट्यावर बसलेली. म्हणाली, ‘कुठं सोडलीस रं तिला?’ मी ऐटीत सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिचं बीळ तर हितं बांधाला व्हतं. तीन पावसाळं बघत्ये मी तिला.’

तेव्हा मी हसलो होतो. नंतर कधीतरी रात्री ते वाक्य डोक्यात घुसलं आणि निघालं नाही. आमच्या धंद्यात सिस्टीम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठे आहेत? इथं मी एक जिवंत प्राणी उचलून अनोळखी ठिकाणी ठेवला होता आणि त्याच्यापुढचा लॉग शून्य. व्हिडिओ संपला तिथं गोष्ट संपली असं मी धरून चाललो होतो. धामणीसाठी ती तिथून सुरू झाली असणार.

मग शोधायला लागलो, सापाचा असा लॉग कोणी ठेवतं का? ठेवतात. आणि जीपीएसने नाही, रेडिओने ठेवतात. मला आधी हे जुनाट वाटलं. फूड डिलिव्हरीवाला कुठल्या गल्लीत वळला ते फोनवर दिसतं, मग सापाला जीपीएस का नाही?

पहिली अडचण, सापाला मान नाही. वाघाला, बिबट्याला कॉलर घालता येते. सापाला घातली तर एकतर निसटेल नाहीतर अडकेल. बाहेरून चिकटवलं तर कात टाकताना निघून जाण्याची भीती. म्हणून यंत्र पोटात बसवतात. पशुवैद्य सापाला भूल देतो, बाजूला छोटा छेद घेऊन ट्रान्समीटर शरीराच्या पोकळीत ठेवतो आणि त्याची बारीक तारेसारखी अँटेना कातडीखालून लांब सरकवतो. हॉवर्ड राइनर्ट आणि डेव्हिड कंडल या दोघांनी १९८२ साली ही शस्त्रक्रिया नीट मांडली आणि जगभर थोड्याफार फरकाने तीच वापरली जाते. वजनाचं पथ्य कडक असतं, यंत्र सापाच्या वजनाच्या अगदी थोड्या टक्क्यांत बसलं पाहिजे. टाके घातले, साप शुद्धीवर आला, काही दिवस निरीक्षणाखाली ठेवला, की जिथून पकडला तिथेच परत. आणि हो, हे घरी करून बघायचं काम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नुसता साप पकडून ठेवणंसुद्धा विनापरवाना गुन्हा आहे.

दुसरी अडचण म्हणजे आकाश. जीपीएसच्या यंत्राला उपग्रह ‘दिसावे’ लागतात. सापाचा बराच वेळ बिळात, वारुळात, पाचोळ्याखाली, दगडाच्या फटीत जातो. त्यात यंत्र सापाच्या पोटात, म्हणजे ओल्या मांसाच्या आत. शिवाय जागा मोजून ती कुठेतरी साठवायची किंवा पाठवायची तर बॅटरी मोठी हवी, आणि मोठी बॅटरी सापात मावत नाही.

रेडिओ ट्रान्समीटर याच्या उलट, अगदी मठ्ठ. त्याला स्वतः कुठे आहोत हे माहीतच नसतं. तो फक्त टिक… टिक… टिक करत राहतो. प्रत्येक सापाची फ्रीक्वेन्सी वेगळी, बहुधा १५० मेगाहर्ट्झच्या आसपास. टिक क्षणभराची असते, मधल्या वेळात यंत्र जवळजवळ झोपलेलं, म्हणून छोटी बॅटरीही महिनोन् महिने पुरते. काही ट्रान्समीटर तर असे बनवतात की शरीराचं तापमान वाढलं की टिकटिक भराभर होते. म्हणजे साप न दिसता, घड्याळ लावून ठोके मोजले की कळतं तो उन्हात आहे की गार बिळात. मला हे फार आवडलं. एक पैसाही जास्तीचा डेटा न पाठवता तापमान कळवलं!

आणि ही फ्रीक्वेन्सी का? तर १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते दोन मीटर. वाय-फायची लहर साधारण १२ सेंटीमीटरची, ती ओल्या पानांत, बुंध्यांत पटकन जिरते. दोन मीटरची लहर झाडीतून त्या मानाने बरीच निभावते. घरात भिंतीआड वाय-फाय मरतं आणि एफएम रेडिओ वाजत राहतो, तसंच काहीसं.

हे सगळं वाचून मला राहवेना. साप नाही, पण टिकटिक तर शोधून बघू! माझ्या एका मित्राकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. हौशी लोकांना मिळालेली १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची पट्टी सापांच्या ट्रान्समीटरच्या अगदी शेजारची. त्याला गावी घेऊन आलो. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तीन तुकडे लावून अँटेना बनवली. ही यागी अँटेना, गच्चीवर पूर्वी दूरदर्शनसाठी असायची तिचीच धाकटी बहीण. जिकडे तोंड कराल तिकडचं जास्त ऐकते. मोजपट्टी अशासाठी की झुडपात अडकली तर वाकते आणि परत सरळ होते. मित्राने छोटा ट्रान्समीटर डब्यात घालून रानात लपवला आणि मला म्हणाला, ‘शोध.’

मला वाटलं वीस मिनिटांचं काम. अडीच तास लागले.

अँटेना फिरवायची, टिकटिक सगळ्यात मोठी कुठून येते ते बघायचं, तिकडे चालायचं. सोपं आहे ना? आमच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगर. लहर कातळावर आदळून परत येते, आणि तो प्रतिध्वनी खऱ्या सिग्नलएवढाच ठणठणीत ऐकू येतो. मी अर्धा तास एका कड्याच्या दिशेने चाललो, ट्रान्समीटर माझ्या पाठीमागे होता. आणि जवळ गेल्यावर अजून पंचाईत, सिग्नल इतका जोरात की सगळ्या बाजूंनी सारखाच. मग रिसीव्हरचा कान कमी करत न्यायचा, शेवटी अँटेनाच काढून टाकायची आणि गोल गोल फिरत वर्तुळ लहान करायचं. डबा सापडला तेव्हा मी त्याच्यावर जवळजवळ पाय दिलेला होता. तो डबा होता म्हणून ठीक. तिथं घोणस असती तर? म्हणून सापांवर काम करणारे लोक शेवटचे काही मीटर पाय आधी टाकत नाहीत, डोळे आधी टाकतात.

आता खरी माणसं. भारतात सापांच्या रेडिओ टेलिमेट्रीचं सगळ्यात गाजलेलं काम झालं कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे इथे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव, आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तिथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं आणि २००८ पासून किंग कोब्राच्या, म्हणजे नागराजाच्या, पोटात ट्रान्समीटर बसवून त्याच्या मागे फिरायला सुरुवात झाली. नागराज आपल्या हिर्डोशीत नाही हं, उगाच घाबरू नका. महाराष्ट्रात तो अगदी दक्षिणेच्या टोकाला, दोडामार्गच्या बाजूला आढळतो. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाची एकाऐवजी चार जातींत विभागणी केली, आणि पश्चिम घाटातला आता ‘कालिंगा’ या नावाने वेगळा ओळखला जातो.

हे काम म्हणजे सकाळी सापाच्या आधी उठायचं, काल जिथे सोडला तिथे पोचायचं, आणि मग दिवसभर ठराविक अंतर ठेवून मागे मागे. पाऊस, जळवा, निसरडे दगड. साप झाडावर चढला की खाली बसायचं. खाऊन बिळात शिरला की बाहेर बसायचं, मग तो दिवसेंदिवस न निघो. वहीत वेळ, जागा, तापमान, काय करतोय. बहुतेक ओळींत उत्तर एकच, ‘काही नाही.’ रीलवर आपल्याला फणा काढलेले चार सेकंद दिसतात, त्यामागचे हे तास कोणी दाखवत नाही.

पण त्या ‘काही नाही’च्या ढिगात मधूनच असं काही सापडतं की पुस्तक बदलावं लागतं. मागावर असलेल्या एका नराने पोटात अंडी असलेली मादी मारली. असं का केलं याची चर्चा अजून होते. नागराज मुख्यतः दुसरे साप खातो हे माहीत होतं, पण रानात तो धामणी, चापडे, नाग हे सगळं कसं हुडकतो ते मागे फिरल्यावर दिसलं. टेलिमेट्रीशिवाय यातलं काय कळलं असतं? कोणाच्या तरी घरात शिरलेला साप, पकडलेला साप आणि मेलेला साप, एवढेच तीन दिसले असते. आपलं सापांबद्दलचं बहुतेक ज्ञान याच तीन सापांवर उभं आहे.

आता माझ्या धामणीकडे येऊ. आगुंब्याच्या लोकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. घरातून पकडलेला नागराज दूर नेऊन सोडला तर काय होतं? त्यांनी दोन नरांची तुलना केली, एक आपल्याच मुलखात राहिलेला, दुसरा दूर नेलेला. २०१३ मध्ये ते छापून आलं. दोनच साप म्हणजे फार लहान नमुना, आणि लेखकांनीही शीर्षकातच अभ्यासाला प्राथमिक म्हटलंय. तरी फरक ठळक होता. घरचा नर आपल्या ओळखीच्या भागात फिरत राहिला. दूर नेलेला भटकतच राहिला.

मोठा नमुना अमेरिकेतला आहे. १९८२ च्या शस्त्रक्रियेतलेच राइनर्ट, सहकारी रॉबर्ट रुपर्ट यांच्याबरोबर, त्यांनी रॅटलस्नेक जातीच्या सापांवर हा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. दूर नेलेल्या सापांपैकी निम्म्याच्या आसपास मेले. मूळ जागी असलेल्यांत हे प्रमाण साधारण दहात एक होतं.

का मरत असतील? आपण ‘जंगल’ म्हणतो ते आपल्यासाठी एकसारखं हिरवं असतं. सापासाठी तो नकाशा असतो. ऊन कुठल्या दगडावर आधी येतं, उंदराची वाट कुठली, पुराचं पाणी कुठल्या बिळात शिरत नाही, मुंगूस दिसलं तर तीन सेकंदांत कुठे घुसायचं. हा नकाशा त्याने वर्षानुवर्षं अंग घासून तयार केलेला. आपण त्याला उचलून घाटात ठेवतो तेव्हा नकाशा कोरा. मग तो फिरतो. फिरणारा साप दिसतो, रस्ता ओलांडतो, घारीच्या नजरेत येतो. नव्या जागेत आधीपासून असलेल्या सापांना काय वाटतं तो वेगळाच विषय. शिवाय आमची धामण शेतातली होती, बांधातली. दाट झाडीच्या, धुक्याच्या घाटात तिचं काय काम होतं? ‘हक्काच्या घरी’ म्हणे. मी तिला हक्काच्या घरातूनच काढलं होतं.

तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही, खाली नवीन ओळ टाकलीये. लाइक्स अजून येतात, ती ओळ कोणी वाचत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल, अरे भावा, साप जगला पाहिजे हे ठीक, पण माणसाचं काय? बरोबर आहे, आणि हा प्रश्न पुण्यात फ्लॅटमध्ये बसून टाळता येतो, हिर्डोशीत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, बहुतेक पावसाळ्यातली. माझ्या काकूला अंधारात गोठ्यात जावं लागतं. तिला मी नागराजाच्या गोष्टी सांगून उपयोग नाही.

पण यातही रेडिओने एक गोष्ट दाखवलीये. मैसूर जिल्ह्यात शेतीच्या भागात घोणशींना ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला. घोणस म्हणजे आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक, नाग, मण्यार आणि फुरसं हे बाकीचे तीन. ती दबा धरून बसणारी शिकारी, खूप वेळ एका जागी निश्चल. त्या वस्तीत माणसं आणि घोणशी एकमेकांच्या अगदी लगत राहत होती आणि माणसांना त्यांचा पत्ताही नव्हता. म्हणजे एक साप उचलून लांब नेला की आवार ‘साफ’ झालं, हा आपला गोड गैरसमज. तो रिकामी करून गेलेली जागा, ते उंदीर, तो पेंढा तसाच असतो. फरक पडतो तो हातात टॉर्च असण्याने, पायात गमबूट असण्याने, जमिनीवर न झोपण्याने आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचण्याने. आणि चावलाच, तर मांत्रिक नाही, ब्लेड नाही, दोरी आवळणं नाही. चावलेला भाग न हलवता थेट सरकारी दवाखाना, जिथे प्रतिविष असतं.

यंदा जुलैमध्ये परत फोन आला. आता नाग. पडवीत, सरपणाच्या ढिगाखाली. मी योगायोगाने गावीच होतो. १९२६ हा वन विभागाचा नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा. तिथे कळवलं, सर्पमित्र आला, यावेळी दुसरा. त्याने हुकने शांतपणे नाग पिशवीत घेतला, फणा काढायला लावला नाही, फोटो नाही. मला तिथेच तो आवडला.

तात्या म्हणाले, ‘घाटात नेऊन सोडा. न्हायतर परवा परत हितंच.’

मी म्हटलं, ‘तात्या, ओढ्यापलीकडं सोडू. जवळच.’

‘आन चावला म्हंजे? तू पुण्याला. हितं आमी.’

यावर माझ्याकडे ग्राफ होते, टक्केवारी होती, आणि त्यातलं एकही त्या क्षणी तोंडातून निघेना. कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जवळ सोडलेला साप परत येऊ शकतो, अभ्यासही तेच सांगतो. शेवटी सर्पमित्रच म्हणाला, ‘काका, हा उंदरांसाठी आलाय. सरपण हितनं हलवा, भिंतीची बिळं बुजवा, कणगीखाली विटा घाला. एवढं केलंत तर मी जवळ सोडतो. नाही केलंत तर घाटात सोडूनही पुढच्या महिन्यात दुसऱ्या सापासाठी मला बोलवाल.’ तात्या जरा गप्प झाले. मग मला म्हणाले, ‘चल, सरपण उचल.’ ते पूर्ण दुपार मी उचललं. कंबर अजून बोलते.

नाग ओढ्यापलीकडच्या वारुळापाशी सोडला, घरापासून दोनेकशे मीटरवर. पिशवी उलटली, तो दोन क्षण थांबला आणि वारुळाला वळसा घालून गेला. नवीन वाट शोधणाऱ्यासारखा अजिबात वाटला नाही. पण हे माझं मत. त्याच्या पोटात ट्रान्समीटर नाही, त्यामुळे यावेळीही लॉग नाहीच.

तात्या आता रोज पहाटे टॉर्च घेऊन पडवी, गोठा आणि बांध बघून येतात. मागच्या आठवड्यात त्यांना बांधाच्या खालच्या अंगाला कात सापडली. लांब, जवळजवळ अखंड. त्यांचं म्हणणं नागाची. आजीने हातात धरून उन्हाकडे बघितली आणि म्हणाली, ‘तिची असंल. आली आसंल चालत.’ चार वर्षांनी, घाटातून? शक्यता जवळजवळ नाहीच, मी तिला तसं बोललो नाही.

कात मी पेपरात गुंडाळून पुण्याला आणलीये. खवल्यांच्या रांगा मोजून आणि डोक्यावरच्या खवल्यांची मांडणी बघून जात ओळखता येते, पण नेमका डोक्याचा भाग फाटलाय. तुमच्यापैकी कोणाला जमत असेल तर मेसेज करा, फोटो पाठवतो. तोवर, भेटू पुढच्या भागात.